कबुतरांच्या नावावर

त्या घराला गल्लीत सगळे 'विद्यापीठ' म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. घरात माणसं तीन आणि तिघांचेही पीएच.डी.चे प्रबंध अर्धवट. सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर साहित्यात संशोधन करायला बसल्या होत्या, मुलगा राज्यशास्त्रात घुसला होता आणि सून इंजिनियरिंगमध्ये. लिहायला टेबल एकच, तेही जेवणाचं. ताटं मांडायची वेळ झाली की आधी संशोधन उचलावं लागे. शेजारच्या काकू भेटल्या की हमखास विचारत, "काय गं, झालं का कुणी पास?"

सासूबाईंचा विषय ऐकून भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडत. एक जुनं नाटक होतं, कधी छापलंच न गेलेलं. नाटक मंडळ्यांनी ते हातानं उतरवून घेतलेलं, आणि दोन प्रती कधी एकसारख्या नाहीत. बाकीचे अभ्यासक त्यातली शुद्ध प्रत शोधत बसले होते. या बाई मात्र नकलून घेणाऱ्यांच्या चुका गोळा करत होत्या. चूक सापडली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की माहेरचं कुणी आलंय असं वाटावं.

मुलाचा विषय होता नदीपलीकडच्या इस्पितळातल्या नर्सचं आंदोलन. त्यांनी एकदा मूक मोर्चा काढला होता. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसत्या चालत आल्या. तरी त्याच्या व्हिडिओत त्यांची पावलं लष्करासारखी एकत्र पडत होती. त्यावरून त्यानं एक लांबलचक प्रकरण लिहून काढलं होतं, की या आंदोलनामागे पडद्याआड राहिलेलं शिस्तबद्ध नेतृत्व आहे. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर त्याला वारंवार सांगत, "अरे बाबा, आमचं कुणाचं काही ठरलं नव्हतं." त्याला वाटे, बाई पक्क्या आहेत, ताकास तूर लागू देत नाहीत.

आणि सुनेचा विषय होता नदीवरचा पादचारी पूल. तोच, ज्यावरून तो मोर्चा आला होता. आता कुणीही म्हणेल, एकाच घरात राहून यांना हे इतके दिवस सुचलं कसं नाही? पण तो बोलायचा ते मागण्या आणि नेतृत्व यांबद्दल, ती बोलायची कंपनं आणि भार यांबद्दल, आणि दुसऱ्याचं बोलणं चालू असताना प्रत्येकजण मनात आपलंच वाक्य जुळवत असायचा. शिकलेल्या माणसांचा हा जुना आजार आहे.

ऐकायची सक्ती व्हावी म्हणून सासूबाईंनी घरात एक नियम घातला होता. रविवारचं जेवण झालं की प्रत्येकानं आठवड्याचं काम सांगायचं, दुसऱ्या दोघांना कळेल अशा भाषेत. कळलं तर त्यांनी "कळलं" म्हणायचं. ज्याचं कळणार नाही, त्यानं भांडी घासायची.

लग्न झाल्यापासून भांडी सूनच घासत होती. नवऱ्याचं सुटायचं, कारण राजकारण आपल्याला कळतं असं प्रत्येकालाच वाटतं. सासूबाई तर हाडाच्या शिक्षिका, त्या भिंतीलाही समजावून सांगतील. हिची वेळ आली की सासूबाई डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, "नाही गं, नाही कळलं." त्यात कुचकेपणा नव्हता. खोटं "कळलं" त्या वर्गातही कधी म्हणाल्या नव्हत्या. सून हसून उठायची, नळ सोडायची. पण या घरात आपण कोण आहोत हे कुणाला कधी कळणारच नाही, असं तिला अगदी खरंखुरं वाटायचं.

त्या रविवारी तर ती सकाळपासूनच काट्यावर होती. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षकांपुढे तिचं शेवटचं सादरीकरण होतं. ते पार पडलं की पदवी, आणि पदवीच्या मागोमाग विभागातली नोकरी, जी तिच्या सरांनी तिच्यासाठी जपून ठेवली होती. नगरपालिकेचे अभियंतेही येणार होते. पूल कितीही गर्दीला पुरेसा आहे असा तिचा निष्कर्ष होता आणि त्याच्या भरवशावर बसस्थानक पुलाच्या अलीकडच्या टोकाला हलवायचं घाटत होतं. म्हणजे रोज हजारो माणसं त्यावरून जाणार.

जेवणं झाली. ती उभी राहिली आणि सांगू लागली. पुलाला हादरे मोजणारी यंत्रं बसवली, ती रात्रंदिवस आकडे पाठवतात, त्यातला कचरा गाळून टाकला की पूल कसा वागतो ते समजतं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "कचरा म्हणजे?"

"चुकीचे आकडे, आई. सुरुवातीला एका यंत्रावर कबुतरं येऊन बसायची. यंत्र हलायचं आणि भलतेच आकडे यायचे. तेव्हापासून मी कॉम्प्युटरलाच सांगून ठेवलंय, ठरावीक मर्यादेबाहेरचं काही आलं की ते कबुतर समज आणि टाकून दे."

"टाकून दे? बघायचं पण नाही?"

"एवढे आकडे कोण बघणार? सगळेच असं करतात."

सासूबाई पुढे सरकल्या. चूक सापडल्यावरचा तो चेहरा सुनेनं ओळखला.

"माझ्या नकलून घेणाऱ्याची चूक झाली ना, की मी विचारते, तेव्हा त्याच्यासमोर काय होतं? दिवा विझत होता? कुणी हाक मारली? तू टाकलेल्या आकड्यांच्या वेळी पुलावर काय होतं?"

"कबुतर होतं, आई."

"बरं. मग मला एवढंच सांग. ही कबुतरं एकेका यंत्रावर बसतात, का सगळ्या यंत्रांवर एकदम?"

रागानं सुनेचे कान तापले होते. उद्यावर परीक्षा आलेली आणि या बाईंना आता शंका फुटतायत! तिनं तणतणतच लॅपटॉप उघडला, टाकून दिलेलं सगळं परत मागवलं, आणि बघता बघता तिचा राग उतरला.

बहुतेक कबुतरं खरोखरीची कबुतरं होती. एका यंत्रावर झटका, बाकी सगळं शांत. पण एका दुपारी सगळीच्या सगळी यंत्रं एकत्र डोलली होती. तेही वरखाली नाही, डावीउजवीकडे. डोलणं हळूहळू वाढत गेलेलं, मग हळूहळू कमी झालेलं.

"कधीची दुपार?" नवऱ्यानं टेबल पुसता पुसता विचारलं. तिनं तारीख सांगितली. त्याच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

"अगं, हा माझा मोर्चा आहे."

त्यानं व्हिडिओ लावला. तिघंही मान घालून बघू लागले. पुलाच्या मध्यावर नर्सची पावलं एकत्र पडत होती, डावं, उजवं, डावं, उजवं. "बघा ही शिस्त," तो सवयीनं म्हणाला.

सासूबाईंनी व्हिडिओ मागे घ्यायला लावला. मग पुढे. "पुलावर चढताना यांची पावलं वेगवेगळी आहेत," त्या म्हणाल्या. "उतरून रस्त्याला लागल्यावर परत वेगळी. मग तुझा तो पडद्याआडचा पुढारी काय फक्त पुलावर राहतो?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण सुनेचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खुर्चीवर बसून लॅपटॉपवरची आणि व्हिडिओतली वेळ जुळवून बघत होती.

"पूल," ती म्हणाली. "हे पूल करतोय. चालताना पूल बाजूला जरासा हलतो, कळेल न कळेल इतकाच. बस हलली की आपण पडू नये म्हणून पाय फाकतो ना, तसं माणूस नकळत पुलाच्या तालावर पाऊल टाकतो. सगळेच टाकतात. मग सगळ्यांचा रेटा एकदम बसतो, पूल आणखी हलतो, माणसं आणखी तालात येतात. थोडी माणसं असली तर काहीच होत नाही. गर्दी झाली की सुरू होतं." ती थांबली. "आणि मी ती माणसं कबुतरांच्या नावावर टाकून दिली."

"आणि मी पुलाला पुढारी समजलो," नवरा हळूच म्हणाला.

सकाळच्या पाळीच्या नर्स सुटायची वेळ होत आली होती. त्यानं मोठ्या सिस्टरना फोन लावला आणि सुटलेल्या नर्सना घेऊन पुलावरून एकदा चालून बघता येईल का, असं विचारलं. आधी त्यांनी त्याला मनसोक्त झापलं. "कधीपासून सांगत होते मी!" मग म्हणाल्या, या.

मोर्चाच्या गर्दीला पूल पुरून उरला होता, त्यामुळे त्याच्या निम्म्या माणसांना धोका नव्हता. हे सुनेनं पुन्हा पुन्हा पडताळलं आणि मगच होकार दिला. लॅपटॉपवर नजर ठेवायला तिनं नवऱ्याला पुलाच्या टोकाला उभं केलं. डोलणं ठरलेल्या मर्यादेला टेकलं की त्यानं शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी थांबायचं. नर्सना एवढंच सांगितलं की गप्पा न मारता नेहमीसारखं चाला. सासूबाई कुणाला न विचारता पुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, तुम्ही कशाला?"

"मी नेहमी प्रती स्वतःच्या डोळ्यांनी वाचते," त्या म्हणाल्या. "चल."

सून त्यांच्या शेजारून चालू लागली. तिला सगळं ठाऊक होतं. आपण तालात यायचं नाही असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. पुलाच्या पहिल्या भागात पावलांचा नुसता गोंगाट होता. मग पायाखाली काहीतरी अलगद सरकलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. तिनं कठड्याकडे हात नेला, पाय जरासा रुंद टाकला, आणि तिच्या लक्षात आलं की गोंगाट थांबलाय. सगळा पूल एकाच पावलानं चालत होता. तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा पाय आणि सासूबाईंचा उजवा पाय बरोबर एकाच वेळी उचलला जात होता. तिनं मुद्दाम चुकवायचा प्रयत्न केला, दोन पावलं अडखळली आणि परत तालात आली. सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला होता आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

शिट्टी वाजली. सगळ्या थांबल्या. पूल एकदोनदा हलला आणि शांत झाला.

संध्याकाळी तिनं सरांना फोन केला. "आजच सुचायचं होतं तुला हे?" सर म्हणाले. "उद्या हे दाखवलंस तर पदवी लांबणार. आणि जागा मला अडवून ठेवता येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. पूल काही पडणार नाहीये."

"पडणार नाही, सर. पण भर गर्दीत तो असा हलला आणि लोक घाबरून पळत सुटले, तर चेंगराचेंगरीत माणसं जातील. ती मला कुणाच्या नावावर टाकता येणार नाहीत."

फोन ठेवल्यावर मात्र ती रडली. नोकरीसाठी रडली आणि त्याची तिला लाज वाटली नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि तिच्यासाठी चहा घेऊन आल्या.

सोमवारी तिनं सगळ्यात आधी टाकून दिलेले आकडेच दाखवले. नगरपालिकेचे अभियंते एकमेकांकडे बघू लागले. सर खिडकीबाहेर बघत होते. मुख्य परीक्षक बाई मोठ्या करड्या होत्या, त्यांनी तिला उभं आडवं सोलून काढलं आणि शेवटी विचारलं, "गाळलेलं परत बघा, हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"माझ्या सासूबाईंनी. त्या साहित्याच्या आहेत."

खोलीत हशा पिकला. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

प्रबंध परत आला, नवीन प्रकरण लिहून आणा अशा शेऱ्यासह. जागा दुसऱ्या कुणाला गेली. पण बसस्थानकाचं काम थांबलं, पुलाखाली डोलणं जिरवणारी वजनं बसवायचं ठरलं, आणि ती कुठं बसवायची हे सांगायला नगरपालिकेनं तिलाच बोलावलं. जाता जाता परीक्षक बाई म्हणाल्या, हे प्रकरण झालं की मला पाठवा, आमच्याकडे अशी माणसं लागतात. सरांनी दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून नवीन प्रकरणाचा आराखडा मागितला.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर पहिली पाळी नवऱ्याची होती. त्याचं प्रकरण मुळासकट उखडलं होतं. पुढारी नसताना एवढ्या बायका त्या दिवशी घराबाहेर पडल्याच कशा, हा नवा प्रश्न तो मांडत होता, आणि अजून त्याचा त्यालाच काही पत्ता लागत नव्हता. मग सून उठली. वजनं कुठं बसवायची, का बसवायची, हे तिनं मीठ, पाण्याचा पेला आणि दोन चमचे घेऊन सांगितलं. सांगून झालं आणि सवयीनं तिनं ताटं गोळा करायला हात पुढे केला.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "कळलं मला."

ती तशीच उभी राहिली, हातात ताट घेऊन. सासूबाईंनी तिच्या हातातलं ताट काढून मुलाच्या हातात दिलं.

"तुझं काही कळलं नाही बरं का. ऊठ."

तो कुरकुरत आत गेला. नळ सुटला, मग काहीतरी खणकन पडलं. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. सासूबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि टेबलावरचे चमचे पुन्हा तसेच पुलासारखे मांडले.

"हं," त्या म्हणाल्या, "आता पुढचं सांग."