दुपारी चारचा आवाज

गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप लेकीने बनवायला घेतलं, तेव्हा ते तपासायला तिने बाबांनाच धरलं. कच्चं अ‍ॅप ती बाबांच्या फोनवर टाकायची आणि बाबा चुका काढायचे. त्यात ते पटाईत. आईच्या गोळीसाठी लावलेल्या गजराची टिंगटिंग त्यांना आवडेना, म्हणून त्यात त्यांनी स्वतःचा आवाज भरला, "अगं, गोळी घेतलीस का? की मी येऊ?"

बाबा जाऊन आठ महिने झाले. फोन मात्र स्वयंपाकघरात चार्जरला लावलेलाच असे. रोज दुपारी चारला तो विचारायचा आणि आई "घेते हो, जीव खाऊ नका" म्हणत रक्तदाबाची गोळी गिळायची. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला ती दाद देत नसे.

एके दिवशी अ‍ॅप वापरणाऱ्यांची तक्रार आली, की जुन्या फोनवर नवं अ‍ॅप उघडताच बंद पडतं. लॅपटॉपमध्ये चाचणीसाठी असलेल्या खोट्या फोनवर तर ते सुरळीत चालत होतं. खरा जुना फोन घरात एकच, बाबांचा. लेकीने तीन वाजता तो केबलला जोडला. अ‍ॅप बसेना. प्रत्येक अ‍ॅपवर ते बनवणाऱ्या लॅपटॉपची डिजिटल सही असते; तिचा लॅपटॉप मध्यंतरी बदलला होता, त्यामुळे या अ‍ॅपची सही जुन्याशी जुळत नव्हती. आधीचं काढून टाका, असा निरोप पडद्यावर आला. हे रोजचंच. या धंद्यातली माणसं दिवसातून वीसदा अ‍ॅप काढतात नि टाकतात. डोकं ठिकाणावर असो नसो, बोटं चालतात. तिचीही चालली.

नवं अ‍ॅप झकास उघडलं, बंद पडलंच नाही. पण गजरांची यादी रिकामी होती.

भरलेला आवाज फोनबाहेर कुठेही जाणार नाही, हा नियम तिचाच, आणि त्याची फुशारकीही तिने मारलेली. अ‍ॅप गेलं की आवाज गेला. तिने आकाशपाताळ एक केलं, पण हाती काही लागलं नाही. बाबांना आपण दुसऱ्यांदा घालवलं, असं वाटून तिला रडू फुटलं.

चारला पाच मिनिटं असताना आईने फोन उचलून जागेवर ठेवला आणि तळहातावर गोळी घेऊन बसली. खरं सांगायला लेकीची जीभ रेटेना. चार वाजले. फोन गप्प. फ्रिजची घरघर तेवढी चालू होती.

आई मान तिरकी करून ऐकत राहिली. मग "घेते हो" म्हणाली आणि गोळी गिळली.

"आज भलतंच काहीतरी बोलले," पेला खाली ठेवत आई म्हणाली. "पोरीला रागावू नकोस, म्हणे. तू काय केलंस गं?"