आत्ताची गिरणी

मी कॅरम बोर्ड बोलतोय. आवाज जरा बसलाय, कारण गेली दोन वर्षं माझ्या तोंडावर रोज बोरिक पावडर उडवतात, आणि तीही कॅरम खेळायला नाही, धूर म्हणून. धूर कसला ते सांगतो. पण आधी माझी ओळख नीट करून घ्या, मी काही काल जन्मलेला नाही.

जन्म सोलापूरचा. जाड प्लाय, शिसवी कडा. भूम तालुक्यातल्या ईटच्या तरुण मंडळानं मला एसटीच्या टपावर बांधून गावात आणलं. मंडळात तेव्हा लिंबाजी नावाचा तरणा गडी होता. तो स्ट्रायकर कधी सरळ मारायचाच नाही, कडेला आपटून मागच्या अंगानं यायचा आणि राणी घेऊन जायचा. तालुक्यात त्याला तोड नव्हती, म्हणजे अर्थात मलाही नव्हती. पुढं मंडळात टीव्ही आला, मग मोबाईल आले, मग मंडळच गेलं. माझ्यावर कुरडया वाळल्या. एका लग्नात आचाऱ्यानं माझ्यावर कोथिंबीर चिरली. शेवटी योगीराजभाऊंनी मला त्यांच्या कांद्याच्या खोलीत खिडकीला ठोकलं, ऊन आत येऊ नये म्हणून. ज्याच्यावर तालुक्याची फायनल झाली त्यानं कांद्याला सावली द्यायची! बोलायची सोय नव्हती म्हणून गप्प बसलो.

त्याच खोलीत योगीराजभाऊंच्या लेकीनं, सृष्टीनं, कांदा बाजूला सारून पाच कॉम्प्युटर मांडले. वय बावीस, आणि जिद्द अशी की बापानंसुद्धा दोन पावलं मागं सरावं. गावातली चार पोरं तिच्या हाताखाली. खेळ असा: पाच इकडचे, पाच तिकडचे, पडद्यावर बंदुका. दोन जागा ठरलेल्या. एका बाजूनं त्यातल्या एका जागी बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्या बाजूनं ठेवू द्यायचा नाही. आधी तेरा डाव जिंकेल तो जिंकला. योगीराजभाऊंनी तिला एकदाच सांगितलं होतं: जिल्ह्याची फायनल जिंकलीस तर पुण्याची टीम तुम्हाला पगारावर घेणार, मग तू आणि तुझं नशीब. हरलीस तर खोलीत कांदा आणि तू पतसंस्थेच्या खुर्चीवर.

लिंबाजी आता तात्या झाले होते. ते कांदे घ्यायला म्हणून आले, खिडकीत मला बघितलं आणि कांदे विसरले. मला खाली काढून उपरण्यानं पुसलं. खरं सांगतो, भरून आलं मला. मग ते पोरांचा खेळ बघत बसले. एक जण ‘इकडं या’ म्हणून ओरडायचा, दुसरा ‘इकडं म्हंजे कुठं’ विचारेपर्यंत पडद्यावर मरून पडायचा. तात्यांनी जन्मात माऊस हातात धरला नव्हता. पण त्यांनी मला दोन क्रेटवर मांडलं, पाच पांढऱ्या सोंगट्या आमच्या, पाच काळ्या समोरच्यांच्या, राणी म्हणजे बॉम्ब, आणि जिथं लपायला धुराचा गोळा टाकायचा तिथं चिमूटभर पावडर. रोज संध्याकाळी विरोधी टीमच्या जुन्या मॅचेस लावायच्या आणि एकेक काळी सोंगटी हलवत बघायचं. हा गडी पहिल्या डावाला नेहमी इथंच का येतो? घाबरतो की फसवतो? सृष्टी सगळं वहीत लिहायची. चार दिवसांत मला कबूल करावं लागलं की हा पण खेळच आहे.

जागांच्या इंग्रजी नावांचा पोरांच्या तोंडात पार चिवडा व्हायचा. म्हणून तात्यांनी त्या नकाशावर अख्खं ईट बसवलं. बॉम्बची एक जागा म्हणजे स्टँडजवळची गिरणी, दुसरी म्हणजे बाजारतळ. मधल्या कानाकोपऱ्यांना सलून, झेरॉक्स, सायकलचं दुकान. ईटबाहेरच्याला काय डोंबल कळणार! पण एक घोटाळा होता. तात्यांच्या डोक्यातलं ईट जुनं होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी रस्ता रुंद झाला तेव्हा गिरणी उठून बाजारतळावर गेली, सलून गेलं, झेरॉक्स गेलं. तात्या ‘गिरणी’ म्हणायचे आणि पोरं सवयीनं बाजारतळाकडं पळायची. तात्या तापायचे. मशीन हलली म्हणून काय गिरणी हलती व्हय, असा त्यांचा सवाल. सहा महिने त्या बिचाऱ्यांनी जुनं ईट पाढ्यासारखं पाठ केलं.

फायनल धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात होती, तात्यांनी मलाही काखेत मारून नेलं होतं. समोर बेंबळीची टीम, आणि आधी बॉम्ब ठेवायची पाळी त्यांची. टेबलं पाठीला पाठ लावून, कानावर हेडफोन, पण आमच्या पोरांना हळू बोलायला कुणी शिकवलेलंच नाही. ती बोलतात ते शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला. बेंबळीची कॅप्टन एक बाई होती, आणि तिनं एका कानावरचा हेडफोन जरासा सरकवून ठेवलेला मी भिंतीला टेकून बघत होतो. आमच्यातलं कुणी ‘गिरणीवर दोघं’ म्हणालं की बेंबळीचे पाचही जण बाजारतळावर. ‘सलूनमागं मी एकटाच’ म्हणालं की तिघं त्याच्यावर तुटून पडायचे. अर्ध्या वेळेला आमचे तीन, त्यांचे नऊ. सृष्टी नखं खात होती. पाठीमागं योगीराजभाऊ हाताची घडी घालून उभे होते.

मध्यंतरात ती कॅप्टन सरळ आमच्याकडं आली आणि तात्यांच्या पाया पडली.

“तात्या, ओळखलं का? वृषाली. राजपाल मास्तरांची.”

ईटचीच लेक! तीन वर्षांपूर्वी बेंबळीत दिलेली. तात्यांचा जबडा तसाच उघडा राहिला. वृषालीचे डोळे मात्र भरून आले होते. म्हणाली, आज इतक्या दिवसांनी गावातली नावं कानावर पडली, लई बरं वाटलं. दिवाळीला माहेरी येते ती रात्रीच्या गाडीनं, दोन दिवसांसाठी, घरातून पाय निघत नाही. मग तिनं सृष्टीकडं वळून विचारलं, “गिरणीपुढचा लिंब हाय का गं अजून? लहानपणी दळणाचा नंबर लागूस्तर आमी तिथंच खेळायचो.”

त्या कडुलिंबाच्या जागेवर आता डांबरी रस्ता आहे.

“हाय की ताई,” सृष्टी म्हणाली. “चांगला दाट झालाय.”

वृषाली खुशीत परत गेली. सृष्टीनं पोरांना जवळ ओढून कानात सांगितलं की हिला जुनंच ईट माहीत आहे, इथून पुढं तात्यांचं ईट विसरायचं, आपलं बोलायचं. आत्ताची गिरणी, आत्ताचं सलून. पोरांना तर सुटल्यासारखं झालं. सहा महिने जीभ आवळून बसली होती. तात्यांना वाईट वाटलं, ते उपरण्यानं माझी कड पुसत बसले.

आता बॉम्ब ठेवायची पाळी आमची होती. पोरं ‘गिरणी’ म्हणत बाजारतळाकडं निघाली आणि बेंबळीकर स्टँडपाशी वाट बघत बसले. ‘झेरॉक्स’ म्हटलं की ते भलत्याच बोळात. असे सलग नऊ डाव आम्ही मारले. बारा विरुद्ध नऊ. मी तर भिंतीवरून घसरलोच.

पण वृषाली काही दुधखुळी नव्हती. एकेक जागा कुठं गेली ते तिनं हरता हरता टिपून घेतलं. पुढचे दोन डाव त्यांनी खाल्ले. बारा विरुद्ध अकरा. हाही गेला तर बरोबरी. सृष्टीनं एक मिनिटाची विश्रांती मागितली. ती घाईघाईनं वहीची पानं उलटायला लागली. तेवढ्यात तात्यांना राहवलं नाही. अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, “सरळ गिरणीवर जावा.”

कोणती गिरणी, हे कुणीच विचारलं नाही. तात्यांच्या तोंडून गिरणी आली की पाय स्टँडकडं वळायचे, सहा महिन्यांची शिस्त होती ती. आणि वृषालीनं आपल्या पाचही जणांना बसवलं बाजारतळावर, नव्या गिरणीसमोर. स्टँडपाशी चिटपाखरू नव्हतं. सृष्टीनं बॉम्ब ठेवला. बेंबळीकर धावत येईपर्यंत तो फुटलासुद्धा.

तात्या आजतागायत सांगतात की हा त्यांचा डाव होता, मुद्दाम कडेला आपटून मारलेला. मी काय बोलणार! योगीराजभाऊ पुढं आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की कांदा पडवीत टाकतो. पण सृष्टीच्या तोंडावर हसू नव्हतं. ती उठून वृषालीकडं गेली.

“ताई, खोटं बोलले मी. लिंब न्हाय राहिला. रस्त्यात गेला.”

वृषालीनं गळ्यातला हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, “अजून काय काय हललंय, ते दाव मला.”

सृष्टीनं मला दोघींच्या मध्ये आडवं घेतलं आणि एकेक सोंगटी ठेवत आत्ताचं ईट मांडलं. हे सलून इथं आलं, ही गिरणी, इथला हौद बुजवला. वृषाली दरवेळी ‘व्हय का’ म्हणायची आणि सोंगटीवर बोट टेकवायची. माझ्यावर आजवर पुष्कळ खेळ झाले, पण त्या बोटांइतकं हळू कुणी हात लावला नव्हता.

पुण्याच्या लोकांना सृष्टीनं एकच गोष्ट ठणकावून सांगितली: जिनं आमची बोली पकडली ती समोर नको, शेजारी पाहिजे. वृषालीच्या नवऱ्यानं आठ दिवस विचार केला, ती चौथ्याच दिवशी बॅग भरून बसली होती. आता आम्ही सगळे पुण्यात आहोत. इथं एसी आहे, भिंतीएवढा पडदा आहे, पण डावपेच माझ्यावरच ठरतात. नाशिकची, कोल्हापूरची पोरं, ज्यांनी ईट बघितलेलं नाही, ती ‘सलूनमागं, सलूनमागं’ म्हणून बोंबलतात.

म्हणून ईटकरांनो, ह्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा आहे. दुकानं, टपऱ्या, पाणपोई, काय हलवायचं ते त्यानंतर हलवा. आणि थांबणं शक्यच नसेल, तर हलवायच्या आधी वृषालीला एक फोन करा. तिला तिच्या गावाची खबर परत कधी हरता हरता कळायला नको.