फोटो ऐकाले घरचं माणूस

भाकर घशाखाली उतरंना, तं मी ताकात चुरून खाऊ लागली. मंग ताकबी अडकाले लागलं. घरात दुसरं कोनी असतं तं त्याच्या ध्यानात आलं असतं. पन धनी गेला तवापासून चुलीपुढं मी एकटीच. लेकरूबाळ नाई. माह्या, या मनकर्णाबाईच्या, ताटात कोन पाहते?

शेवटी आमच्या आंजी गावाहून यष्टीनं मोठ्या दवाखान्यात गेली. त्याईनं मले मशीनीपुढं उभं केलं अन् चुन्यासारखं दाट, पांढरं औषध घोटघोट पाजलं. ते घशाच्या नळीतून कसं उतरते, त्याचा फोटो निंगते म्हने.

दुपारी डाक्टर तो फोटो उजेडाले धरून पाहून राह्यला होता. मी इचारलं, "काय निंगालं?"

"बाई, सोबत घरचं माणूस कोण आहे? त्यांना पाठवा."

"मीच हावो माह्या घरचं माणूस."

"तुम्ही बाहेर बसा."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी माही, फोटो माहा, अन् ऐकाले दुसरं पाह्यजे! आणीबाणी उठली, सरकार बदललं, पन हे काई बदललं नाई. आमच्या गावातबी तसंच. मोठं दुखनं असलं का दुखनेकऱ्याले सांगत नाई, त्याच्या लेकाले सांगतात. ज्याले लेकच नाई त्यानं काय करावं?

बाहेर बाकड्यावर देवळीची सुंदरा बसली होती. तिच्या नवऱ्याचा पाय मोडलता. वळख सकाळचीच. मी म्हनलं, "घडीभर माही बहीन होय व माय. आत जाऊन ऐकजो, अन् जसंच्या तसं मले सांगजो."

"तुया गळ्याशपथ, सांगीन," ती म्हने.

ती आत गेली. बाहेर आली तं उगीच पदर सारखा करत होती.

"काई नाई व अक्का. सूज हाय. गोळ्यानं जाईन."

"खोटं बोलून राह्यली तू! तुले खरं ऐकाले धाडलं, लाडीगोडी कराले नाई!"

"मंग सख्ख्या बहिनीनं सांगितलं असतं काय?" ती म्हने, अन् हमसून हमसून रडू लागली.

मले समजलं. कॅन्सरच हाय. लई भेव वाटलं. पन धनी गेल्यापासून माह्यासाठी कोनाच्याच डोळ्यात पानी आलं नव्हतं. आंजीची यष्टी सुटून गेली, तरी मी तिचा हात धरून बसली.

"रड माय," मी म्हनलं, "अजून थोडं रड."