वाकड्या नळीला हार

मित्रांनो, माझ्या काचेच्या कडेला हळदीचा एक डाग आहे. तो पुसू नका, माझ्या फजितीची तेवढीच खूण उरली आहे. मी किनवटच्या एका वसतिगृहातल्या बॉयलरवरचा जुना प्रेशर गेज. आत वाफेचा दाब किती, ते माझा काटा सांगतो. त्या वाफेवर दोनशे मुलींचा भात शिजतो आणि बॉयलरच्या सगळ्यात जवळ स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीबाई उभ्या असतात.

मला बसवलं बॉयलर सांभाळणाऱ्या केरबामामांनी. माणूस देवभोळा, पण हात राक्षसाचे! पाना लावायला मला खाली चौकोनी बूड आहे. मामांनी सरळ माझं तोंड धरलं आणि मान पिरगाळली. "तोंड पूर्वेला पाहिजे," म्हणे. पूर्वेला भिंत होती! वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. माझ्याखाली लावायची वेटोळी नळी तर त्यांनी कोपऱ्यात भिरकावली. "शुभ कामात वाकडं कशाला?" अहो, त्या वेटोळ्यात पाणी साचतं, म्हणून गरम वाफ थेट माझ्या अंगावर येत नाही. पण माझं ऐकतो कोण?

"केरबाभाऊ, काटा दिसून न्हाई राहिला," पार्वतीबाई म्हणाल्या.

"आरसा हाय की, अक्का!" मामांनी दाढीचा आरसा भिंतीला टेकवला.

वाफेनं माझी आतडी भाजली आणि आठव्या दिवशी काटा नेहमीच्या चारच्या आकड्यावर अडकला. मामा खूश! "माझा बॉयलर चारच्या खालीवर हलत न्हाई." आत दाब चढत होता आणि मी आपला चारच दाखवत होतो. लाज वाटायची हो, पण करणार काय?

एके सकाळी दाब फार वाढला की वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळला. पार्वतीबाई झारा टाकून अंगणात पळाल्या. मामांनी भट्टीतली आग बाहेर ओढली, आरशात पाहिलं. चार!

पार्वतीबाईंची लेक विशाखा नांदेडला बॉयलर दुरुस्त करते. ती दुपारी धावत आली. उरलेली वाफ पूर्ण सोडून दिली, मगच मला पान्यानं काढलं.

"मामा, तो व्हॉल्व्हबी अडकला असता तर माझी माय उरली असती का?"

मामांनी कान धरले. "अक्का, लई चुकलं माझं." त्यांचे डोळे भरून आले.

विशाखानं मला नांदेडला नेलं, दुरुस्त केलं, दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून पाहिलं. परत बसवताना वेटोळी नळी लावली, तिच्यात पाणी भरलं, माझं तोंड पार्वतीबाईंकडे केलं आणि वाफ हळूहळू सोडली. काटा शून्यावरून उठला तेव्हा मामांनी टाळीच वाजवली.

दसऱ्याला बॉयलर थंड होता. मामा हार घेऊन आले. मी ऐटीत वाट पाहत होतो. मामांनी जरा विचार केला आणि हार घातला त्या वाकड्या नळीला! भाजलो मी आणि मान तिचा!

असो. मित्रांनो, आम्हाला हार नको. नीट बसवा, दिसेल असं बसवा आणि रोज आमच्याकडे बघा. पार्वतीबाई आता झारा उचलण्याआधी माझ्याकडे बघतात. "चार हाय गं पोरींनो," म्हणतात, आणि मित्रांनो, आता खरंच चार असतो.