छतावरचा ससा

मी डाग बोलतोय. लगेच नाकं मुरडू नका. शर्टावरचा नव्हे आणि चारित्र्यावरचा तर नव्हेच नव्हे. मी छतावरचा डाग. पलंगावर उताणं झोपलं की बरोबर नाकासमोर येतो तो.

माझा जन्म भयंकर वादळात झाला. आभाळ फाटलं होतं, झाडं मुळासकट चालत निघाली होती, समोरच्या घराची पाण्याची टाकी उडून तीन गल्ल्या पलीकडे एका न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली होती…

जाऊ द्या. आज खरं बोलायचं ठरवलंय. वादळबिदळ काही नव्हतं. छपरावर एक मांजर कबुतरामागे धावली. कबुतर उडालं आणि मांजरीच्या पायाखालचं कौल दोन बोटं सरकलं. एवढाच माझा जन्मसोहळा.

त्या फटीतून पावसाचं पाणी आत आलं. पाणी मोठं आळशी असतं. सरळ खाली उडी मारत नाही. ते लाकडावर बसून घसरत घसरत येतं आणि मनाला येईल तिथे उतरतं. म्हणून फट एकीकडे आणि मी तिथून चांगला दोन हात लांब. कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी होती, पांढऱ्या रंगाची. तिच्यावर मी उमटलो. रुपयाएवढा, कपातून चहा सांडावा तसा.

डागाचा धर्म एकच, चहाडी करणं. ‘वर गडबड आहे, जरा बघा’, एवढी चहाडी खालच्या माणसांपर्यंत पोचवली की त्याचं जगणं सार्थकी लागतं. माझ्या हातून तेवढंही झालं नाही.

खोली बाबांची होती. बाबा म्हणजे छपराचे मिस्त्री. त्यांनी आयुष्यात तीन हजार छपरं चढवली. बरं, तीनशे. ते स्वतः तीनशेच सांगायचे. पण आदल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. डोकं मात्र ठणठणीत. दिवसभर उताणे पडून वर बघायचे. वर मी.

त्यांच्या पलंगाशेजारी सूनबाईंचं शिलाई मशीन होतं. एक डोळा सुईवर, एक सासऱ्यांवर, अशी ती बाई दिवस काढायची. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना लांबचं दिसतं की जवळचं, हे तपासून सांगायचा. मी त्याच्या डोक्यावर चार हातांवर होतो. त्याला दिसलो नाही.

आठवड्यातून एकदा बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी भिंतीवर प्राण्यांचा तक्ता लावला होता. “एकेक चित्र दाखवा, नाव म्हणवून घ्या. काहीही म्हणाले तरी शाबासकी द्या. चूक काढायची नाही हं!” असं सांगून गेल्या. दोन महिने झाले, बाबांच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नाही.

आणि एके दुपारी, पावसाची सर येऊन गेल्यावर, बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं नव्हे, मिस्त्री बघतो तसं. चोराला पोलीस दिसावा तसा मी दचकलो. त्यांनी डावा हात उचलला, बोट माझ्यावर रोखलं, आणि सगळा जीव ओठांत आणून म्हणाले, “आ… सा.”

मशीन थांबलं. “काय बाबा?”

“आसा!”

सूनबाईंनी तक्त्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. तोवर माझे दोन ओघळ वरच्या बाजूला लांब गेले होते.

“ससा!” ती ओरडलीच. “अगं बाई, खरंच की! हे कान, हे शेपूट. बाबा ससा म्हणाले!” ती हसली, रडली, नवऱ्याला फोन लावला. “अहो, बाबा बोलले! छतावर ससा दिसला त्यांना!”

बाबा जोरजोरात मान हलवत होते. तिला वाटलं, आनंदानं.

ते ससा म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, ‘वासा’. कौलांचा भार पेलतं ते तिरकं लाकूड म्हणजे वासा. माझ्या बरोबर वरचा, डावीकडून तिसरा, पाणी पिऊन पिऊन आतून कुजायला लागला होता. बाबांनी मला पाहिलं आणि एका नजरेत वरचा सगळा प्रकार वाचला. चहाडी पोचली होती. पण जिला कळायला हवी होती, तिला ससा दिसला.

मला सगळं कळत होतं. मी काय केलं? सांगायला लाज वाटते. मला बरं वाटलं. आजवर कुणी डागाला बघून टाळ्या वाजवल्या आहेत? शेजारीण मला बघायला आली. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी माझा फोटो काढला. मी फुशारलो. पुढच्या सरीला मी कान आणखी वीतभर लांब केले.

बाबांनी हार मानली नाही. एक ऐकत नाहीत तर दुसरं सांगू, म्हणून ते म्हणाले, “कौ… ल.” घरानं ऐकलं, कोल्हा. लगेच माझ्या उजव्या अंगात कोल्ह्याचं तोंड सापडलं. कौलांखालच्या पट्टीला रीप म्हणतात. ते “ईप, ईप” करू लागले. घरानं ऐकलं, झोप. सूनबाईंनी भरदुपारी पडदे ओढले आणि मशीन बंद करून ती पाऊल न वाजवता बाहेर गेली. छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, ज्यावर सगळे वासे टेकलेले असतात, त्याला आढं म्हणतात. ते खाली बसायला लागलं होतं. बाबा कळवळून म्हणाले, “आडं… आडं!”

“अंडं हवंय होय? मग आधी नाही का सांगायचं!”

त्या दिवसापासून बाबांना रोज एक उकडलेलं अंडं. बाबांनी त्या अंड्याकडे असं पाहिलं, की अंड्याला मान असती तर तीही खाली गेली असती. मला मान नाही. पण लाज तरी होती ना?

खुणा काही मी एकटाच दाखवत नव्हतो. दर पावसानंतर मला नवी तपकिरी कडा यायची. मधोमध हात लावला असता तर ओल लागली असती. खोलीला कुबट वास सुटला, घरानं उदबत्ती लावली. सकाळी चादरीवर लाकडाचा बारीक भुसा पडायचा. “उशी फाटलीय कुठंतरी,” म्हणत सूनबाईंनी उशीला नवी खोळ शिवली. आढं बसलं तसं खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं, मुलानं ते रंध्यानं तासलं. इलाज सगळ्याचा केला, छपर सोडून.

एकदा तर मुलगा म्हणाला, “छताला रंग मारून घेऊ या का? फार वाईट दिसतंय.”

“खबरदार!” सूनबाई उसळली. “बाबांचा ससा आहे तो. एवढ्याशा शब्दांवर माणूस उभं राहतंय, आणि तुम्ही ते पुसायला निघालात?”

मी वरून ऐकत होतो. तिची काय चूक? ती जिवापाड जपत होती. माझ्या जागी प्रामाणिक डाग असता तर एक थेंब तिच्या मशीनवर टाकून मोकळा झाला असता. मी ते पाणी माझ्या कानांसाठी राखून ठेवलं.

मग बाबा गप्प झाले.

पहिल्यांदा वाटलं, दमले असतील. आठवडा गेला, तीन आठवडे गेले. तक्ता पुढे धरला तरी ओठ हलेनात. अंडं दिलं तर खायचे, नाही दिलं तर नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “असं होतं कधी कधी. पेशंट मागे जातो.” सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली. “माझंच काहीतरी चुकलं असणार.”

तिचं नव्हतं. सात महिने ओरडून सांगावं आणि समोरच्यानं प्रत्येक वेळी शाबासकी देऊन भलतंच ऐकावं, तर शहाणा माणूस तोंड मिटतो. त्यांचे शब्द मी गिळले होते. मला त्यांचे डोळे चुकवायचे होते, पण ज्या माणसाला कूस वळवता येत नाही, त्याच्या डोक्यावरच्या डागानं जायचं कुठे?

शेवटी आला तो ठोक्या. बाबांचा तीस वर्षांचा जोडीदार. आयुष्यभर हातोडीचे ठोके ऐकून त्याचे कान गेलेले, म्हणून हे नाव. दारातूनच त्याचा आवाज आला. बहिऱ्याचा आवाज तो, वरच्या पाखरांनाही ऐकू गेला. “काय रे मिस्त्री! घराची पाठ वाकलीय, रस्त्यावरून दिसतेय. कौलांची ओळ झोळीसारखी झालीय की!”

“काका, हळू,” सूनबाई म्हणाली. “बाबा हल्ली बोलत नाहीत.”

“काय?”

“बोलत नाहीत!”

“मग छान. मला ऐकू येत नाही. बसू दोघं.”

तो पलंगाशेजारी बसला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचे ओठ हलले. “आसा.”

“अगं बाई, बोलले! ससा म्हणाले, काका!” सूनबाई आनंदानं वर बोट दाखवू लागली.

ठोक्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो बाबांच्या ओठांकडे बघत होता. छपरावर ठोकाठोकीत कोण कुणाचं ऐकणार? तीस वर्षं दोघं एकमेकांचे ओठ वाचूनच काम करत आले होते.

“कितवा?” त्यानं विचारलं.

बाबांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. “ससाच, काका!” सूनबाई त्याच्यासमोर येऊन म्हणाली.

“ससा कसला, पोरी! वासा म्हणतोय तो. तिसरा वासा.” ठोक्या स्टुलावर चढला आणि त्यानं माझ्या पोटात अंगठा दाबला. अंगठा आत गेला. “पलंग बाहेर काढा. बाकीचं मागून. आधी पलंग!”

पलंग बाहेरच्या खोलीत गेला. ठोक्यानं शेजारची एक फळी उचकटून वाशाला पटाशी टोचली. भिजल्या पावात बोट जावं तशी ती मुठीपर्यंत गेली.

“मग ते… आडं, आडं म्हणायचे?” सूनबाईंनी विचारलं.

ठोक्याला ऐकू गेलं नाही, पण ओठ वाचता आले. “आढं! तेही बसलंय चार बोटं.”

सूनबाई म्हणाली, “इतके महिने मी त्यांना अंडी खाऊ घालतेय, काका.”

“वाया नाही गेली. गाल बघ त्याचे.”

बाहेरच्या खोलीतून घशात अडकल्यासारखा आवाज आला. बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होते.

मुलगा दुकानातून धावत आला. “काका, कौलं चाळून, सरकलेलं तेवढं नीट बसवलं तर भागेल ना?”

“कौल सरकलं त्या दिवशी भागलं असतं,” ठोक्या म्हणाला. “एखादा वासा गेल्यावर कळलं असतं, तर तो बदलून भागलं असतं. आता तीन गेलेत आणि आढंही गेलंय. ठिगळ लावायला धड कापड तरी हवं ना? उतरवायचं आणि नवं घालायचं.”

मुलानं डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, आणि कितीतरी वेळ तो पुसतच राहिला.

तिसऱ्या दिवशी कौलं उतरवायला घेतली. अर्धी उतरली असतील, तेवढ्यात तो तिसरा वासा मधोमध मोडला आणि दोन फळ्या फोडून खाली कोसळला. जिथे पलंगाच्या चार पायांचे ठसे होते, तिथेच. या वाक्यात मी एक अक्षरही वाढवून सांगितलेलं नाही. नेमकं इथेच ते खोटं असतं तर किती बरं झालं असतं!

तेव्हा ऐका. तुमच्या छतावर माझा भाऊबंद दिसला, तर त्यात ससा, ढग, नकाशा, कुणाचं नाक, काही शोधू नका. त्याला हात लावून बघा, ओला लागतो का. घराबाहेर जाऊन छपराची ओळ बघा. तो कितीही देखणा असला, तरी निरोप घेऊन आलेला आहे. निरोप घ्या आणि त्याला घालवून द्या. आणि घरात कुणाची जीभ जड झाली असेल, तर त्याच्या शब्दाला शाबासकी देण्याआधी एकदा परत विचारा.

सध्या मी अंगणात आहे. माझी फळी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आहे. ठोक्यानं माझ्याभोवती पेन्सिलनं रेघ ओढली. एवढं कुजकं कापलं तर उरलेली फळी कुठेतरी कामाला येईल. पण मिस्त्रीला विचारल्याशिवाय तो करवत चालवत नाही. दाराशी आणलेल्या पलंगाजवळ मुलगा वाकला, सूनबाई वाकली, दोघांनी बाबांच्या ओठांवर नजर लावली.

“बाबा, ह्याचं काय करायचं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठ जुळवून, सावकाश म्हणाले, “काप.”

या वेळी कुणी भलतंच ऐकलं नाही. मीसुद्धा.