लग्नाच्या चरबीला पुरून उरलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पांढरी, हातभर लांब, भट्टीत भाजलेली. सांडपाण्यातली म्हणून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. दूर वाळवंटाकाठच्या खोरेझममधल्या बिकाजान आपांच्या अंगणाखालच्या टाकीत मी राहते आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बारीक भुकटी मळून मला आकार दिला आणि अशा आगीत भाजलं की तिच्यापुढे आपांचा तंदूर म्हणजे पोरखेळ. माझी छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून पाणी जातं, घाण जात नाही. टाकीला हवा लागू देत नाहीत, कारण तिथले सूक्ष्म जीव हवेशिवायच जगतात. मोरीचं, संडासाचं सगळं ते खातात आणि वायू सोडतात. त्यावर आपांचा चहा उकळतो. मी गाळलेलं पाणी जर्दाळूंना जातं. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी येईनासं झाल्यापासून त्या झाडांना दुसरा आधारच नाही. झाडं आपांच्या सासूने लावलेली. "ही वाळली तर वर जाऊन तिला काय तोंड दाखवू?" असं आपा म्हणतात.

मग आपांच्या मुलाचं लग्न निघालं. सकाळीच सगळ्या मोहल्ल्याला पुलाव. पुलावाची कढई मोहल्ल्याची, आणि नवरीने उंबरा ओलांडायच्या आत ती लखलखीत झाली नाही तर घराची अब्रू गेली! शेजारणींनी बाह्या सरसावल्या, उकळतं पाणी ओतलं आणि पुलावात घातलेली मेंढीच्या जाड शेपटीची सगळी चरबी मोरीत सोडून दिली. खाली येताच ती गोठली. माझं एकेक छिद्र बुजलं. संध्याकाळी अंगणात घाण पाणी तुंबलं आणि नव्या सुनेने नाकाला रुमाल लावला.

मोहल्ल्याचे कारभारी, मतनियाज अक्साकाल, काठी आपटत आले.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, बिकाजान! घाण ती घाणच. उपटून फेक ती नळी!"

"आणि झाडांना काय पाजू, अक्साकाल? तुमची भाषणं?"

"जीभ फार चालते तुझी."

"सध्या तेवढीच चालतेय. नळीही चालेल, बघाच तुम्ही."

मला भयंकर राग आला होता. चरबी यांची, आणि फेकायचं मला? आपांनी रबरी हातमोजे चढवले, मला बाहेर काढलं आणि कडकडीत सोड्याच्या पाण्यात बुडवलं. प्लास्टिकची असते तर वाकडी झाले असते. मी मात्र आगीतून आलेली. ते पाणी मला कोमटच लागलं. पाहुण्यांची अंघोळ शेजारी झाली. टाकीला विसावा मिळाला आणि जीवांनी ती चरबी सावकाश पचवली. तोवर जर्दाळूंची पानं माना टाकू लागली होती. आपा रोज खोडाला हात लावून उभ्या राहायच्या, आणि मला त्यांची काळजी वाटायची.

अखेर मी पुन्हा टाकीत बसले आणि नितळ पाणी वाहू लागलं. झाडं सावरल्यावर आपांनी एक पाट भिंतीखालून पलीकडे वळवला, अक्साकालांच्या वाळत चाललेल्या द्राक्षवेलीकडे.

अक्साकाल तरातरा आले. "मी पाणी मागितलं नव्हतं!"

"तुम्ही कशाला मागाल? वेलीने मागितलं."

मग ते तसेच मागे वळले. घरी जाऊन वेलीपाशी उकिडवे बसले आणि पाणी मुळाशी जावं म्हणून हाताने माती सारू लागले.

तेव्हा मित्रांनो, माझे पोवाडे गाऊ नका. चरबी मोरीत ओतू नका, वेगळी काढा, तिचा साबण करा. अधूनमधून मला धुवा, एवढंच मागते. आणि तरीही कुणाला मला उपटून फेकायचं असेल, तर त्याने आधी त्या वेलीची परवानगी घेऊन यावं.