तीन दिवसांची शिस्त

आठ पदरी रस्त्याच्या अलीकडे वस्ती, आणि पलीकडे बाकी सगळं: दवाखाना, शाळा, बाजार, कामं. मधल्या दुभाजकावर लोखंडी कठडा आणि त्याचे दोन गज कधीतरी निखळलेले. त्या फटीतून वस्ती रोज पलीकडे जायची. सिग्नल नव्हता असं नाही. पण तो डावीकडे पाऊण किलोमीटरवर, आणि पलीकडे पोचलं की तेवढंच परत उजवीकडे यायचं. ज्यानं तो तिथे बसवला त्याला चालायची फार आवड असावी, किंवा कधी चालावं लागलं नसावं.

फटीच्या बरोबर समोर शिवणवालीचं दुकान. दुकान म्हणजे घरातली पुढची खोली, आणि खोलीत खिडकीला लावलेलं मशीन. कोण किती वाजता गेलं, कोण कोणाबरोबर परत आलं, कोण जाताना हसत होतं आणि येताना नाही, सगळं तिला पाठ. तिचा नवरा याच फटीसमोर ट्रकखाली गेला. त्यानंतर लोक म्हणाले, मशीन आतल्या भिंतीला लाव. ती म्हणाली, उजेड इथे चांगला येतो.

तिच्याबरोबर तिची नणंद राहायची. दवाखान्यात फरशा पुसायचं काम, सकाळी सातची पाळी, एक पाय दोन बोटं आखूड. फटीतून गेलं तर पंधरा मिनिटं. सिग्नलवरून, तिच्या पायानं, तासाच्या वर.

"ताई, जपून," शिवणवाली रोज म्हणायची.

"जपून गेले तर उशीर होतो, वहिनी. आणि उशीर झाला की मुकादम जपत नाही."

अशात शहराचा अभ्यास करणारी एक संस्था आली. शहर सगळ्यांना सारखं मिळावं, असं तिचं म्हणणं होतं. संस्थेनं एक पाहणीवाली पाठवली. वय पंचविशीचं, बूट पांढरे, हातात नकाशा. मुलगी प्रामाणिक होती, हे आधीच नोंदवलेलं बरं, कारण पुढे शंका येईल. तिनं वस्तीच्या सभेत सगळ्यांना हिरव्या टिकल्या वाटल्या आणि जिथे अडचण आहे तिथे नकाशावर लावा म्हणाली. वस्तीच्या कमिटीचा कार्यवाह, निवृत्त शिपाई, ज्याला सगळे हेडमास्तर म्हणत, त्यानं आपली टिकली स्वतःच्या घरावर लावली. हिरवा रंग चांगला असतो, एवढं त्याला माहीत होतं. बाकीच्यांनीही मग आपापली घरं शोधली.

टिकल्यांनी भागेना, तेव्हा मोजणी ठरली. रस्त्यावरच्या तीन जागांपैकी जिथून सर्वांत जास्त माणसं ओलांडतील, तिथे पायी ओलांडणाऱ्यांसाठी गाड्या थांबवणारा दिवा आणि उंच केलेले झेब्रा पट्टे. पाहणीवालीनं शिवणवालीकडे खिडकीची जागा मागितली आणि जाता जाता हळूच सांगितलं, "मंगळवार ते गुरुवार. पण कोणाला बोलू नका हं. लोक रोजच्यासारखे वागले पाहिजेत."

तारीख सांगायची नसते, हा संस्थेचा नियम. पण ज्या घरात तीन दिवस बसायचं, त्यांना न सांगता कसं बसणार?

आणि शिवणवालीला नियम कळला तरी आनंद कुठे मावतोय? तिनं सोमवारी हेडमास्तरला गाठलं. "उद्यापासून मोजणार आहेत. फटीतून किती जातात ते. आपलं काम झालं म्हणून समजा."

हेडमास्तरचा चेहरा पडला. "फटीतून जाताना बघणार?"

"हो ना."

"अगं, मागे महापालिकेचा तो पाटीवर लिहिणारा आला होता, विसरलीस? पंधरा दिवसांत सहा गाळे उचलले. नियम कोण मोडतं ते लिहून नेतात आणि मग फट बुजवतात. उद्यापासून एकानंही कठड्याला हात लावायचा नाही."

"अहो, उलट आहे ते! जेवढे जास्त जातील तेवढं—"

"तू कपडे शिव. सरकारी काम मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय." त्यानं पाहिलं होतं ते खरं, साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसून.

मंगळवारी पाहणीवाली सहाला येऊन बसली. हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र. सात वाजले. एक कुत्रं गेलं. आठ वाजेपर्यंत यंत्रावर चार. समोरून वस्ती रांगेत, धुतलेल्या कपड्यांत, सिग्नलकडे चालली होती. वस्तीनं इतकं नीट वागायचं ठरवलं की काय होतं, ते कोणी आजवर पाहिलं नव्हतं. नणंदसुद्धा पहाटे साडेपाचला निघून गेली होती, केस घट्ट बांधून.

शिवणवालीनं मशीन थांबवलं. "बाई, हे खरं नाहीये. हे तुमच्यासाठी चाललंय."

"म्हणजे? तुम्ही सांगितलंत?"

शिवणवालीनं हो म्हणून मान हलवली. पाहणीवालीनं यंत्र खाली ठेवलं. ती पुटपुटली, "तारीख मी फोडली हे कळलं तर माझं कंत्राट जाईल."

"मग मी आत्ता जाऊन सगळ्यांना फटीतून पाठवते."

"नको! मग ते तुम्ही पाठवलेले होतील. तेही धरता येत नाही."

संध्याकाळी तरीही शिवणवाली दारोदार फिरली. लोकांनी पाणी विचारलं, बसा म्हणाले, आणि हेडमास्तर काय म्हणतात ते बघू म्हणाले. रात्री नणंद पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"तू तरी उद्या फटीतून जा, ताई."

"सगळी वस्ती तिकडून जाणार आणि मी एकटी इकडून? उद्या फट बुजली तर माझ्या नावानं खडे फोडतील. तीन दिवस तर आहेत."

तीन दिवसांत फटीतून एकेचाळीस माणसं गेली. सिग्नलला लागून असलेल्या दुकानांच्या इमारतीसमोरून आठ हजार. त्यांत वस्ती सगळी होती.

पुढच्या आठवड्यात शिवणवालीनं स्वतः मोजलं. कापडावर खुणा करायच्या खडूनं, कटिंगच्या कागदावर, पाच पाच रेघांचे गठ्ठे, तीन दिवस. पाच हजार आठशे बारा. कागद गुंडाळून ती संस्थेत गेली. तिथल्या प्रमुखानं तो टेबलावर पसरला, खरंच कौतुकानं पाहिला, फोटोही काढला. मग म्हणाला, "पण तुम्ही तिथे राहता. ज्याला हवंय त्यानंच मोजलेलं धरत नाहीत. पुढची मोजणी निधी आला तर." पाहणीवाली बाजूला उभी होती. ती पांढऱ्या बुटांकडे बघत राहिली.

दिवा दुकानांसमोर लागला, आधीच्या सिग्नलपासून हाकेच्या अंतरावर. आणि जिथे माणसं ओलांडत नाहीत तिथे फट कशाला, म्हणून दोन गज बसवले गेले. आता सगळा कठडा सलग, छातीएवढा उंच होता.

नणंदेला पहिल्या महिन्यात दोन लेखी समज मिळाल्या. तिसरीला काम जातं.

पाहणीवाली एकदा स्वतःहून आली. संस्थेनं पाठवलं नव्हतं. कमिटीच्या खोलीत दहा-बारा जण बसले होते, त्यांत शिवणवाली आणि नणंदही. "अजून एक वाट आहे," ती म्हणाली. "मोजणी न करता. एकाच जागी तीन वर्षांत पाच माणसं दगावली असली, तर ती जागा धोक्याची ठरते. मग दिवा द्यावाच लागतो."

हेडमास्तर सरसावून बसला. बोटांवर मोजायला लागला. "भंगारवाल्याची आई. ते दोघं भाऊ, एकाच वेळी गेले ते. रंगारी. आणि हिचा नवरा. झाले की पाच!"

पाहणीवालीनं तारखा विचारल्या. लिहिल्या. मग शेवटच्या तारखेपाशी थांबली.

"यांना तीन वर्षं दोन महिने झालेत," ती म्हणाली. "हे धरता येणार नाहीत. चारच होतात."

 हेडमास्तरचं पाचवं बोट तसंच वर राहिलं होतं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं हात मांडीखाली घेतला. कोणीतरी नणंदेच्या पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. पण नणंदेनं पकडलं.

"काय रे, माझ्याकडे काय बघताय?" ती हसली. "आकडा भरायचाय तर हेडमास्तरांना पाठवा. त्यांना सरकारी कामाचा अनुभव आहे."

कोणी हसलं नाही. हेडमास्तर उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी नणंदेला जाग उशिरा आली. साडेसहा वाजून गेले होते. शिवणवाली म्हणाली, "रिक्षानं जा." नणंद म्हणाली, "रिक्षाही सिग्नलवरूनच वळते. या वेळेला तिथे रांग असते." मग दोघी बाहेर पडल्या.

चार पदर त्यांनी हात धरून पार केले. दुभाजकावर उभं राहून नणंदेनं चपला काढून पिशवीत टाकल्या, शिवणवालीच्या खांद्याचा आधार घेऊन कठड्याच्या वरच्या दांडीवर पोट टेकवलं आणि चांगला पाय पलीकडे टाकला. आखूड पाय अलीकडे लोंबकळत राहिला. खाली टेकेना, वरही येईना. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि त्यांच्या वाऱ्यानं तिचा पदर उडत होता.

"वहिनी, ढकल."

शिवणवालीनं तो पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी धरला. पाय हलका होता, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हलका. तिनं तो उचलला, दांडीवरून पलीकडे नेला आणि सोडला.